पिकअपच्या केबिनचा फ्लोअर सडलाय, वरून चेकर प्लेट टाकावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पिकअप पंधरा-सोळा वर्षांची आहे, तिच्यातून खतं वाहता. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलली की खालचा रस्ता दिसतो आणि क्लीनर साइडलाही पत्रा फुगलाय. एका फॅब्रिकेशनवाल्यानं सांगितलं की वरून चेकर प्लेट (उठावाची नक्षी असलेला जाड पत्रा) टाकतो, कडेनं वेल्डिंग मारतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा. हे करावं का?

करू नका. मागच्या हौद्यात चेकर प्लेट हवीच, तिथं ती वर्षानुवर्षं टिकते. पण सडलेल्या पत्र्यावर दुसरा पत्रा झाकला की दोन्हींच्या मधे एक अरुंद फट तयार होते. त्या फटीत पाणी आपोआप ओढलं जातं आणि तिथं वारा लागत नसल्यामुळं वाळत नाही. खाली आधीच गंज आहे, तो वाढत राहतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून दोन पत्र्यांमधला गंज वरची प्लेट उचलतो आणि कंपनीचे स्पॉटसुद्धा, म्हणजे पत्रे जोडणारे वेल्डिंगचे ठिपके, फाडून काढतो. शिवाय वजन बघा. ३ मिलिमीटरची प्लेट चौरस मीटरला साडेतेवीस किलोच्या आसपास भरते आणि १.२ मिलिमीटरचा पत्रा साधारण साडेनऊ किलो. एवढं जास्तीचं वजन तुम्ही ज्या कडांवर टांगणार, त्या कडाच कुजलेल्या आहेत. वरून झाकल्यावर आत काय चाललंय ते पुढं कुणालाच दिसत नाही, आणि माझ्या मते या कामातला सगळ्यांत मोठा तोटा तोच आहे.

आता मुद्द्यावर येतो. फ्लोअर का सडला हे कळल्याशिवाय ग्राइंडरला हात लावू देऊ नका. नवा पत्रा कितीही सुबक बसवला तरी पाणी येतंय तिथूनच येत राहिलं तर तोही जाणार.

आपल्या कोल्हापूरच्या गाड्यांना गंज लागायला कारणं भरपूर आहेत. गगनबावडा, आंबा, फोंडा घाटानं कोकणात येणं-जाणं असलेल्या गाड्या पावसाळाभर ओल्याच असतात. परतीला मासळी भरली तर बर्फाचं खारट पाणी हौद्यातून गळत गळत चासीवर आणि केबिनच्या मागच्या कडेवर येतं. मीठ असलेलं पाणी साध्या पाण्यापेक्षा गंज खूप वेगानं वाढवतं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या आणि २०२१ च्या जुलैमधल्या पुरात ज्या गाड्या उभ्या होत्या, त्यांच्या दाराखालच्या सिलमध्ये पंचगंगेचा गाळ अजून बसलेला सापडतो. तो गाळ ओल धरून ठेवतो आणि सिल आतून खातो. तुम्ही खतं वाहता असं लिहिलंय, ते तर फार महत्त्वाचं. पोटॅशमध्ये क्लोराइड असतं, म्हणजे गंजाच्या बाबतीत ते मिठाचंच भावंड. फाटकं पोतं सीटच्या मागं ठेवलं, सांडलेले दाणे मॅटखाली गेले, त्यावर ओल्या चपला आल्या की काम सुरू. केबिनमध्ये खताचं पोतं ठेवणं आजपासून बंद करा.

पाण्याची वाट शोधायची पद्धत सोपी आहे, फक्त घाई करायची नाही. सीट, मॅट आणि मॅटखालचा फेल्ट सगळं बाहेर काढा. तो फेल्ट पिळून बघा. वर मॅट कोरडी असली तरी फेल्टमधून बहुतेक वेळा पाणी निघतं. फ्लोअर उन्हात दोन दिवस पूर्ण वाळवा. मग आत वर्तमानपत्राचे कागद अंथरा, एक माणूस बॅटरी घेऊन आत बसवा आणि दुसऱ्यानं बाहेरून पाइपनं पाणी मारायचं. सुरुवात खालून करा. आधी चाकाच्या कमानीत, मग दाराच्या खालच्या कडेला, मग दाराच्या रबराला, मग समोरच्या काचेला, शेवटी टपावर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकी जागा कळत नाही. कागद पहिल्यांदा जिथं भिजला, त्याच्या वरच्या बाजूला वाट आहे.

बघण्यासारख्या जागा ठरलेल्या आहेत. वायपरखालच्या जाळीत पालापाचोळा साठतो, तिथली पाणी जायची नळी तुंबते आणि पाणी डॅशबोर्डच्या मागून आत उतरतं. समोरची काच कधी बदलली असेल तर तिच्या रबराखालच्या कडेला गंज आहे का बघा. दाराचं काच वर-खाली करायचं मशीन दुरुस्त करताना आतलं प्लॅस्टिकचं शीट फाडून फेकून द्यायची वाईट सवय बऱ्याच ठिकाणी आहे. काचेवरून दारात उतरणारं पाणी खालच्या भोकांतून बाहेर जावं आणि आत केबिनमध्ये येऊ नये म्हणूनच ते शीट असतं. ते नसेल तर जाड प्लॅस्टिक कापून चिकटवा. दाराच्या बुडाची भोकं तारेनं मोकळी करा. एसी असेल तर त्याची पाण्याची नळी बाहेर पडते का तेही पाहा.

आणि एक जागा लोक हमखास विसरतात: क्लच आणि ब्रेकच्या पेडलच्या वर. मास्टर सिलिंडर गळत असेल तर ब्रेक ऑइल पेडलवरून खाली येतं आणि रंग सोलून काढतं. उघड्या पडलेल्या पत्र्यावर मग ओल्या चपलांचं पाणी. तुमचं भोक बरोबर पेडलखाली आहे, म्हणून तिथं बोट फिरवून बघा. तेलकट लागलं आणि रंगाचे पोपडे निघत असतील तर आधी सिलिंडर, मग पत्रा. हा प्रश्न ब्रेकचा आहे, तो पुढं ढकलू नका.

पाणी सापडलं की सड किती खोल गेलीय ते पाहायचं. टाटाची २०७ असो की महिंद्राची पिकअप, या गाड्यांची केबिन चासीवर वेगळी बसवलेली असते, मधे रबराची माउंटिंग असतात. त्यामुळं मधल्या सपाट पत्र्याला भोक पडलं तर ते काम त्रासाचं असलं तरी धोक्याचं नाही. पण माउंटिंगच्या बोल्टभोवतीचा पत्रा, फ्लोअरखालची आडवी पट्टी, दाराखालचा सिल, बिजागरीच्या खांबाचं बूड, सीटचे बोल्ट आणि सीट बेल्टचा बोल्ट या जागा भार घेतात. तिथं सड असेल तर कामाची जातच बदलते.

गाडी वर घ्या; नुसत्या जॅकवर ठेवू नका, खाली स्टँड लावा. हातोडीनं हलकं ठोकत जा. चांगला पत्रा टणटणतो, सडलेला भद्द वाजतो. मग जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन जोर लावून टोचा. ज्या जागी तो आत जातो ती जागा गेलेली आहे, वर रंग कितीही चांगला दिसो. खडूनं खुणा करत जा. पत्रा भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटत असेल तर तिथं वाचवण्यासारखं काही उरलेलं नाही. दार उघडून हळूच वर उचला आणि लावताना बघा. दाराची फट वर-खाली सारखी नसेल किंवा दार आपटून लावावं लागत असेल, तर केबिन माउंटिंगवर खाली बसली असण्याची शक्यता आहे. दोन्ही सिल, माउंटिंग आणि खांबाचं बूड असं सगळंच गेलं असेल तर मी स्पष्ट सांगतो: फ्लोअरवर पैसे घालू नका, चांगल्या केबिनचा शोध घ्या. स्क्रॅपमधली केबिन घेताना तिलाही हाच स्क्रूड्रायव्हर लावा. ती पुरातली निघाली तर तेच दुखणं पुन्हा विकत घ्याल.

तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की तुमची गाडी अजून त्या टोकाला गेलेली नाही. दोन्ही बाजूंचे पायाखालचे भाग कापून नवे टाकावे लागतील, एखादं माउंटिंग करावं लागेल. एवढं गृहीत धरून पुढचं सांगतो.

खोलाखोलीला वेळ द्या. या कामात वेल्डिंगपेक्षा खोलणं आणि साफ करणं यातच जास्त वेळ जातो, म्हणून मजुरी ठरवताना ते वेगळं बोलून घ्या. बॅटरीची निगेटिव्ह काढा. गाडीला ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, असेल तर हे विसरून चालणार नाही. फ्लोअरच्या वरून जाणारं वायरिंग बाजूला बांधा. खालून जाणारे ब्रेकचे आणि डिझेलचे पाइप कुठं आहेत ते आधी डोळ्यांनी बघा, हातानं चाचपा, आणि क्लिपमधून सोडवून लांब करा किंवा ओल्या पोत्यानं झाका. खालचं जुनं डांबरी कोटिंग वेल्डिंगच्या जागेपासून चांगलं चार-पाच इंच खरवडून काढा, ते पेट घेतं. वेल्डिंग चालू असताना एक माणूस फक्त खाली बघायला पाहिजे, हाताशी पाण्याची बादली आणि अग्निशामक. काम संपल्यावर अर्धा तास गाडी सोडून जायचं नाही. आत धुमसत राहिलेला फेल्टचा तुकडा उशिरा पेटतो.

कापण्याआधी दाराच्या चौकटीत एक आडवी नळी टाके मारून लावून घ्या, विशेषतः सिल कापणार असाल तर. फ्लोअर आणि सिल निघाल्यावर केबिनची चौकट हलते, आणि नवा पत्रा वेल्ड झाल्यावर दार बसत नाही.

कापताना हात आखडता घेऊ नका. भोक जेवढं दिसतं त्याच्या पुढं चकचकीत, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत जायचं, साधारण भोकाच्या कडेपासून एक-दोन इंच. गंजानं पातळ झालेल्या पत्र्यावर वेल्डिंग धरतच नाही, भोकं पडत जातात आणि मग मिस्त्री ती भोकं भरत बसतो. कापाचे कोपरे काटकोनात ठेवू नका, गोल करा. कोपऱ्यात ताण साठतो आणि तडा तिथूनच जातो. खाली आडवी पट्टी असेल तिथं फक्त वरचा पत्रा कापायचा, पट्टी चांगली असेल तर ती वाचवायची. कंपनीचे स्पॉट ड्रिलनं काढा, छिन्नीनं ओढून नव्हे.

पत्रा कोणता? सपाट भागाला १८ गेजचा सीआर (थंड लाटलेला) पत्रा, म्हणजे १.२ मिलिमीटर, बरोबर आहे. कंपनीचा पत्रा कदाचित थोडा पातळ असेल, पण कामाच्या गाडीला १८ गेज द्या. माउंटिंगभोवती १६ गेज किंवा २ मिलिमीटर, आणि सीट बेल्टच्या बोल्टखाली ३ मिलिमीटरची तळहाताएवढी प्लेट. बेल्टचा बोल्ट मूळचाच वापरा, बाजारातला साधा बोल्ट तिथं चालणार नाही. जीपी पत्रा घ्यायचा मोह होतो कारण त्याला जस्ताचा थर असतो. घ्यायला हरकत नाही, पण वेल्डिंगच्या कडेनं तो थर दोन्ही बाजूंनी घासून काढायलाच हवा. जस्ताचा पांढरा धूर श्वासात गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. दूध प्यायलं की धूर बाधत नाही असं आमच्या धंद्यात सर्रास सांगतात, त्यावर विसंबू नका. हवा खेळती ठेवा आणि चांगला मास्क लावा.

आधी पुठ्ठ्याचा साचा कापा. पुठ्ठा जागेवर नीट बसला की मगच पत्र्यावर रेघ मारा. वाकवायचं काम कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एखाद्या बेंडिंगवाल्याकडून करून घ्या, घरी ठोकून सरळ कड येत नाही. आणि एक गोष्ट त्याच्याकडून मागून घ्या: मूळ फ्लोअरवर जशा उठावाच्या पन्हळ्या असतात, तशा दोन-तीन नव्या पत्र्यावर काढायच्या. त्यांच्यामुळं पातळ पत्रा ताठ राहतो. नुसता सपाट तुकडा टाकला तर पायाखाली डबडब वाजत राहतो, आणि वाजणारा पत्रा वेल्डिंगच्या कडेला तडकतो.

जोड कसा द्यायचा याबद्दल लोकांची मतं वेगवेगळी आहेत. माझं मत असं: फ्लोअरच्या सपाट भागात कडेला पायरी काढून अर्धा इंच चढवलेला जोड व्यवहारात उत्तम. पत्रा सरळ बसतो, भोकं पडायची भीती कमी. पण त्या अर्ध्या इंचाच्या मधे जस्ताचा वेल्डिंग चालणारा प्रायमर लावलाच पाहिजे, नाहीतर वर ज्या फटीबद्दल बोललो तीच फट आपण नव्यानं तयार केली. सिलला आणि जिथं दोन्ही बाजू दिसतात तिथं कडेला कड भिडवून जोडा. जिथं कंपनीचे स्पॉट होते तिथं नव्या पत्र्याला ८ मिलिमीटरची भोकं पाडा, दीड-दोन इंचांवर, आणि ती वेल्डनं भरा.

वेल्डिंग सीओटूनंच, म्हणजे सतत वायर सोडणाऱ्या गॅसच्या आवरणातल्या मशीननंच, करून घ्या. आर्कच्या रॉडनं एवढ्या पातळ पत्र्यावर काम करणारे कसबी हात आहेत, मी ते पाहिलेत, पण त्यांनाही सडलेल्या कडेजवळ पत्रा जाळण्यापासून सुटका नसते. गॅसच्या ज्योतीच्या वेल्डिंगनं पत्रा फार तापतो आणि लाटा येतात. सीओटूला ०.८ मिलिमीटरची वायर आणि करंट कमी. आधी त्याच पत्र्याच्या भंगार तुकड्यावर दोन टाके मारून पाठीमागून बघायचं, पलीकडं उतरलाय का. मग चारी कोपऱ्यांना टाके, नंतर मधे, मग त्यांच्या मधे. सलग रेघ ओढायची नाही. एक टाका इकडं, एक तिकडं, जिथं आत्ता मारला तिथं हात टेकवता येईपर्यंत परत जायचं नाही. टाके अंगाला अंग लागेपर्यंत असंच. पाणी ओतून थंड करायचं नाही. पत्रा वाकतो आणि ते पाणी जोडात शिरतं. ज्या मिस्त्रीला एवढा धीर नाही त्याला हे काम देऊ नका, मग त्याचं मशीन कितीही भारी असो.

चासीवर मात्र कुणालाही टाका मारू देऊ नका. माउंटिंगचा चासीकडचा ब्रॅकेट गेला असेल तर तो जाणकाराकडं स्वतंत्र काम म्हणून द्या. चासी नंबरच्या आसपास ग्राइंडर फिरवायचा नाही. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस लागतं, आणि घासलेला नंबर घेऊन आरटीओसमोर उभं राहणं फार महाग पडतं.

आता रंग, आणि इथंच बहुतेक कामं वाया जातात. वेल्डिंगच्या खालच्या बाजूला जळलेला रंग आणि काजळी असते, ती वायर ब्रशनं पूर्ण काढायची. वरून सुंदर आणि खालून उघडं असं काम पुढच्या पावसाळ्यात खालून सुरू होतं. आसपासच्या चांगल्या पत्र्यावर बारीक खड्ड्यांत गंज राहतो, तिथं रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंज निष्क्रिय करणारं रसायन, चालतं. पण सुटणाऱ्या पापुद्र्यांवर त्याचा काही उपयोग नाही, आणि ते लावल्यावर डब्यावर सांगितलंय तसं धुऊन पूर्ण वाळवायचं. मग टू-पॅक इपॉक्सी प्रायमर, दोन हात. नुसता रेड ऑक्साइड मारून सोडू नका, त्यातून ओल आत जाते. प्रायमर वाळल्यावर सगळ्या जोडांवर वरून आणि खालून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, बोटानं दाबून. सीलंट कधीही उघड्या पत्र्यावर लावायचं नाही. त्यावर रंग, खालून अंडरकोटिंग. लांबी, म्हणजे पुट्टी, फ्लोअरला लागतच नाही. कुणी लांबी भरायला निघालं तर समजा वेल्डिंगची भोकं झाकायची आहेत.

सिलच्या पोकळीत शेवटी मेणाचं कोटिंग लांब नळीनं फवारा. फ्लोअरची आणि सिलची पाणी जायची भोकं मोकळी ठेवा. कोटिंग मारताना ती बुजतात, म्हणून आधी त्यात लाकडी खुंट्या घाला, नंतर काढा.

पावसाळ्याआधी जळकं ऑइल चासीला आणि केबिनखाली मारायची आपल्याकडची पद्धत माहीत आहे. लोखंडाला ते काही दिवस राखतं हे खरं, पण माउंटिंगची रबरं, ब्रेकचे होस त्यानं फुगतात आणि मऊ पडतात. तुमच्या माउंटिंगची ही जुनी रबरी बुशं हातानं दाबून बघा. स्पंजासारखी लागली तर केबिन उचललेली असतानाच सगळी बदला, पुन्हा त्यासाठी वेगळी मजुरी कशाला.

सगळं झाल्यावर मॅट लगेच टाकू नका. आठवडाभर रंग पक्का होऊ द्या, मग तीच पाइपची आणि कागदाची परीक्षा पुन्हा घ्या. कागद कोरडे राहिले की साधी रबरी मॅट टाका, सहज उचलता येईल अशी. जाड फेल्ट परत घालू नका.

हे काम मार्च ते मे मध्ये काढा. जून-जुलैत हवेतल्या ओलीमुळं प्रायमर नीट बसत नाही आणि पत्रा उघडा केला की तासाभरात तांबूस दिसायला लागतो. हंगामामुळं तोवर गाडी थांबवता येत नसेल तर एवढं करा: फेल्ट फेकून द्या, सुटणारा गंज खरवडा, कोरड्या दिवशी ब्रशनं प्रायमर मारा आणि पेडलखालच्या भोकावर ॲल्युमिनियमचा तुकडा चार स्क्रूंनी बसवा, काढता येईल असा. मॅट रोज रात्री उचलून ठेवा. बेल्टच्या किंवा सीटच्या बोल्टभोवती स्क्रूड्रायव्हर आत जात असेल तर मात्र थांबू नका, त्या सीटवर कुणाला बसवू नका. आणि ती ड्रायव्हरचीच सीट असेल तर गाडी आजच उभी करा.